वरचा एक रुपया

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर आहेराची पाकिटं मिळतात, कोपऱ्यात रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेली. माझ्या टेबलाच्या खणात अशी दहा-बारा पाकिटं कायम पडलेली असतात, कारण या वयात लग्न, बारसं, वास्तू आणि तेरवी यांतलं काही ना काही दर पंधरा दिवसांनी निघतंच. गेल्या सप्टेंबरात भाचीला मुलगी झाली तेव्हा सवयीनं एक पाकीट बाहेर काढलं, पाचशेच्या एकशेदोन नोटा मोजल्या आणि त्यात कोंबायला लागलो. पाकीट फाटलं. दुसरं घेतलं. तेव्हा कुठे डोक्यात आलं की हे द्यायचं कुणाच्या हातात? भाची न्यू जर्सीत, बारसं तिथेच, आणि आपण त्रिमूर्तीनगरात कूलरसमोर.

बायको म्हणाली, “ताईंच्या हातात द्या न, त्या जातील तेव्हा नेतील.” पण ताई म्हणजे माझी मोठी बहीण आधीच पोचली होती, बाळंतपणाला. तिच्या बॅगेत डिंकाचे लाडू, काजळाची डबी आणि चांदीचे वाळे गेले, मामाचा आहेर तेवढा राहिला. तेव्हा मी ठरवलं की बँकेतून पाठवू. रीतसर. बत्तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर दुसऱ्यांचे पैसे गावोगाव पाठवले, स्वतःचे एकदा अमेरिकेत पाठवायला काय जातं?

बरंच जातं. तेच सांगायला बसलोय.

आधी पोस्टाचं सांगतो, कारण माझं सगळं मोजमाप तिथूनच सुरू होतं. मनीऑर्डरचा दर शंभराला पाच रुपये. वीस रुपयांना एक, वीसच्या वर एक रुपया असला तरी पुढचा रुपया. एका फॉर्मवर तेव्हा जास्तीत जास्त पाच हजार. दिवाळीच्या आधी भाऊबीजेच्या मनीऑर्डरी यायच्या, तेव्हा रांग दाराबाहेर असायची. मिलमधले कामगार, बांधकामावरची बालाघाट-राजनांदगावकडची माणसं, एखादा कॉन्स्टेबल. एकवीस रुपये, एक्कावन्न रुपये, एकशे एक. गोल आकडा क्वचित. मी नवीन असताना एकाला म्हटलं होतं, “पन्नासच करा न जी, हिशेब सोपा पडते.” तो माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू मी त्याच्या बहिणीबद्दल काही वावगं बोललो. वरचा रुपया म्हणजे व्यवहार मिटला नाही, पुढे चालू आहे, हे मला तेव्हा समजायला हवं होतं. घरी आई हेच करायची.

फॉर्मच्या खाली संदेशासाठी इवलीशी जागा असायची. लिहिता न येणारे मला सांगायचे आणि मी लिहायचो: तब्येत बरी आहे, काळजी करू नको, भाऊ. दिवसाला तीस-चाळीस वेळा मी कुणाचा तरी भाऊ व्हायचो.

परदेशातले पैसेही आमच्या काउंटरवर यायचे, वेस्टर्न युनियनमधून. आखातातल्या नर्सेस आणि ड्रायव्हरांच्या घरचे लोक दहा आकडी नंबर घेऊन यायचे आणि पैसे घेऊन जायचे. पण ती वाट एकतर्फी होती. रिझर्व्ह बँकेनं ती सोय फक्त आत येणाऱ्या पैशांसाठी दिलेली, बाहेर जाणाऱ्यांसाठी नाही. कधी कुणी विचारलं, “इथून दुबईला पाठवता येते का जी?” तर मी हसायचो. इथून तिकडे कोण पाठवणार, असं मला वाटायचं. आता मीच विचारत होतो.

माझं पेन्शनचं खातं ज्या शाखेत आहे तिथे परकीय चलनाचं काम होत नाही. त्यांनी दुसऱ्या शाखेत धाडलं. तिथे एक तरुण मुलगी होती, बोलायला गोड, पण तिच्यापुढे आधीच तीन जण बसलेले. तिघेही मुलांची फी भरणारे बाप. चौथा मी. ए-टू नावाचा फॉर्म, पॅन, भाचीच्या खात्याचा नंबर, तिच्या बँकेचा स्विफ्ट कोड, नऊ आकडी राउटिंग नंबर, तिचा पत्ता, आणि पैसे कशासाठी हा रकाना. त्या रकान्यासाठी कोड असतात. मुलीनं न विचारता फॅमिली मेंटेनन्सचा, म्हणजे निर्वाहखर्चाचा, टाकला.

म्हटलं, “हे काऊन?”

“काकाजी, सगळे हेच टाकतात. चालते.”

“पण मी तिला पोसत नाही न. ती आणि जावई दोघं कमावतात. हा आहेर आहे.”

“आहेर नाही ना जी लिस्टमध्ये.”

लिस्ट मी स्वतः पाहिली. एस 1302, वैयक्तिक भेट आणि देणगी. हट्टानं तो टाकायला लावला. तिला वाटलं असेल म्हातारा किटकिट्या आहे. खरी गोष्ट अशी की निर्वाहखर्चाचा कोड जवळच्या नातेवाइकांसाठी असतो, आणि तिथं जवळचं कोण याची यादी कंपनी कायद्यातून घेतलेली आहे. तीत आई, बाप, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आहेत. भाची नाही. भेट मात्र परदेशातल्या कुणालाही देता येते. वर्षाला अडीच लाख डॉलरची जी मर्यादा आहे, तिच्या आत. पैसे असे बाहेर पाठवू देण्याची ही योजना 2004 साली पंचवीस हजार डॉलरवर सुरू झाली होती. मला त्या वरच्या टोकाशी काही देणंघेणं नाही, पण शेजारच्या कुळकर्ण्यांनी मुलाला घरासाठी पंधरा लाख पाठवले तेव्हा ते चांगलेच कचाट्यात आले. दहा लाखांच्या वर जे गेलं त्यावर बँकेनं तिथल्या तिथे वीस टक्के कापून सरकारजमा केले. पाच लाखांचे एक लाख. तो कर वेगळा लागत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर लाखभर रुपये अडकले. ही दहा लाखांची रेघ एप्रिल 2025 पासूनची, आधी सातची होती. कुळकर्णी आजही तो विषय निघाला की चहा थंड होऊ देतात.

माझे एक्कावन्न हजार एक. दहा लाखांच्या खूप अलीकडे. मला वाटलं आपलं सोपं आहे.

आता हिशेब. त्या दिवशी मोबाइलवर डॉलर 87 रुपये 90 पैसे दाखवत होता. बँकेनं लावला 89.60. विचारलं तर म्हणे हा विक्रीचा दर. या दरानं 569 डॉलर 20 सेंट झाले. मोबाइलच्या दरानं 580 झाले असते, म्हणजे अकरा डॉलर पावतीवर कुठेही न दिसता गेले. वर पाठवण्याचं शुल्क पाचशे आणि त्यावर जीएसटी नव्वद. वर चलन बदलण्याचा जीएसटी ब्याण्णव, कारण लाखापर्यंत रकमेचा एक टक्का हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर अठरा टक्के लावतात. इथपर्यंत मी समजून घेतलं, वहीत लिहिलं, घरी आलो.

अकरा दिवस पैसे पोचले नाहीत.

भाचीच्या इथल्या कागदांवर मधलं नाव बापाचं, आणि तिकडच्या खात्यावर मधलं नावच नाही. मी फॉर्मवर तिची तिन्ही नावं ओळीनं लिहिली, जसं पोस्टात लिहायची सवय. वाटेतल्या कुठल्याशा बँकेनं विचारणा केली, ती शाखेत येऊन पडून राहिली, आणि मी तिसऱ्यांदा चक्कर मारली तेव्हा सापडली. वाटेतली बँक हा प्रकार मला तेव्हाच कळला. स्विफ्ट म्हणजे पैसे नाहीत, निरोप. बेल्जियममधली 1973 साली स्थापन झालेली संस्था, जी बँकांचे निरोप इकडून तिकडे पोचवते. आमच्याकडे तार मनीऑर्डर होती तसंच. तारेतून पैसे जात नसत, पलीकडचं पोस्ट आपल्या तिजोरीतून देई. फरक एवढाच की आमच्या मधल्या पोस्टानं कधी रस्त्यात हात मारला नाही. इथे माझ्या बँकेचं तिच्या बँकेशी थेट खातं नव्हतं, म्हणून तिसरी बँक मधे आली आणि तिनं वीस डॉलर ठेवून घेतले. मग तिच्या बँकेनं आलेले पैसे जमा करण्याचे पंधरा घेतले.

भाचीचा व्हॉट्सॲप आला: “मामाजी, आशीर्वाद पोचला. 534.20.” पुढे नमस्काराचे तीन हात.

मी वही काढली. जायला हवे होते 580, पोचले 534. गेलेले सेहेचाळीस डॉलर म्हणजे साधारण चार हजार चव्वेचाळीस रुपये, वर शुल्क-जीएसटी सहाशे ब्याऐंशी. एकूण चार हजार सातशेच्या वर. एक्कावन्न हजारांवर शंभराला सव्वानऊ. पोस्टात पाच घेतल्याबद्दल लोक मला शिव्या द्यायचे.

पण मला खरं लागलं ते 534.20 हा आकडा. हा काय आकडा आहे? 501 नाही, 551 नाही. वरचा एक रुपया कुठल्या समुद्रात पडला माहीत नाही. बायको म्हणाली, “आहो, पोचले न? मग झालं.” झालं नव्हतं. का, ते सांगायला मला तीन वर्षं मागे जावं लागेल.

जानेवारी 2023. बायकोच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. रामदासपेठेतलं हॉस्पिटल, रात्री साडेनऊला डिपॉझिट मागितलं, आणि मी ठेव मोडायला सकाळपर्यंत थांबणं भाग होतं. ताईनं भाचीला फोन केला, मला न विचारता. सकाळी सात वाजता माझ्या मोबाइलवर बँकेचा संदेश: एक्क्याऐंशी हजार आणि वर काही जमा. एक हजार डॉलर तिनं रातोरात एका ॲपवरून टाकले होते. तिला शुल्क लागलं ते म्हणे दोन कप कॉफीचं. तिकडून इकडे येणाऱ्या पैशाची वाट किती रुळलेली आहे बघा. भारतात वर्षाला शंभर अब्ज डॉलरच्या वर असे पैसे येतात, जगात सगळ्यात जास्त, त्यामुळे त्या वाटेवर टपऱ्या खूप आणि चढाओढही खूप. उलट्या वाटेवर सामसूम.

पैसे घेतले. घ्यावेच लागले. पण आमच्याकडे विदर्भात मामा भाचीच्या पाया पडतो. लग्नात पडतो, ती लहान असली तरी पडतो. भाचीचं घेणं म्हणजे देवाच्या पेटीतून काढणं. माझ्या मामानं एकदा आईकडून दहा रुपये उसने घेतले होते, ते परत देताना मला वर पाच दिले, का तर मी भाचा. अशा घरातला मी, आणि भाचीच्या डॉलरवर बायकोचं डिपॉझिट भरलं.

जुलैमध्ये रिटर्न भरायला धंतोलीतल्या आमच्या सीएकडे गेलो. तो माझ्या शाळेतल्या मित्राचा मुलगा. पासबुकात बोट ठेवून म्हणाला, “काका, हे कोण?”

“भाची.”

“मग यावर कर लागेल.”

मला वाटलं तो गंमत करतोय. त्यानं समजावलं. भेट म्हणून मिळालेले पैसे वर्षात पन्नास हजारांच्या वर गेले तर सगळीच रक्कम उत्पन्नात धरतात, पण नातेवाइकांनी दिले असतील तर नाही. नातेवाईक कोण याची यादी घेणाऱ्याच्या बाजूनं लिहिली आहे. घेणाऱ्याचा नवरा किंवा बायको, भाऊ, बहीण, आईवडिलांचे भाऊबहीण, सरळ वरची पिढी, सरळ खालची पिढी, आणि या सगळ्यांचे जोडीदार. भाचीच्या बाजूनं बघा: मी तिच्या आईचा भाऊ. मी तिला दिलं तर मी नातेवाईक. माझ्या बाजूनं बघा: बहिणीची मुलगी या यादीत कुठेच नाही.

“म्हणजे मी तिचा मामा आहे, पण ती माझी भाची नाही?”

“कायद्यानं तसंच आहे, काका.”

मी पाच मिनिटं हसलो. मग घरी येताना, लोकमत चौकातल्या सिग्नलवर, हसू गेलं. ज्यानं कुणी ही यादी लिहिली त्याला आमच्याकडची रीत माहीत असण्याचं काही कारण नाही. तरी त्यानं नेमकं तेच लिहिलं जे माझी आई सांगायची: मामानं द्यावं, घेऊ नये.

सीएनं पळवाटही सांगितली होती. भाचीनं आईला दिले असते आणि आईनं, म्हणजे ताईनं, भावाला, तर दोन्हीकडे नातं बसलं असतं आणि कर शून्य. पण झालं ते झालं. पैसे सरळ माझ्या खात्यात आले होते. पेन्शन आणि ठेवींचं व्याज धरून मी वीस टक्क्यांत होतो. सोळा-सतरा हजार भरले. बायकोला सांगितलं, भाचीला आजवर सांगितलं नाही. ती हे वाचणार नाही, तिला मराठी वाचायला वेळ लागतो. आणि वाचलंच तर वाचो.

तेव्हापासून ते हजार डॉलर माझ्या डोक्यात होते. परत दे म्हटलं तर ती रागावेल, हे पक्कं. म्हणून बारशाची वाट बघत होतो. आहेराला कोणी नाही म्हणत नाही. पहिला हप्ता एक्कावन्न हजार एक, दुसरा उष्टावणाला, पुढचा पहिल्या वाढदिवसाला, असा माझा डाव होता. म्हणून तो 534.20 लागला. परतफेड असती तर सेंट चालले असते. आहेराला नाही चालत.

उष्टावणाच्या आधी लोकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. मॉर्निंग वॉकच्या एका सोबत्यानं तर सोपाच मार्ग काढला: “तुम्ही मला इथे रुपये द्या, माझा मुलगा तिला तिथे डॉलर देते. ना बँक, ना फॉर्म.” ऐकायला छान. सीएला विचारलं तर तो खुर्चीतून अर्धा उठला. इथे रुपये, तिथे डॉलर, असं परस्पर वळतं करणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही, मग ते दहा डॉलर असोत. आपण सरकारी माणूस. नको म्हटलं. दुसरा म्हणाला, भाचीच्या इथल्या एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या रुपयांच्या खात्यात, रुपयेच टाका. ते रुपयातली भेट म्हणून चालतं, पण तिथे पुन्हा कंपनी कायद्याची यादी, आणि त्या यादीत मामा-भाची नाहीच. एका कायद्यात आम्ही अर्धे नातेवाईक, दुसऱ्यात अजिबात नाही. पुतण्या सिंगापूरला आहे, त्याचं बरं. तिथे 2023 पासून यूपीआय तिकडच्या पेनाउ या तसल्याच सोयीशी जोडलेलं आहे, मोबाइल नंबरावर पैसे जातात, दिवसाला साठ हजारांपर्यंत. त्याला दिवाळीला मी असेच पाठवले. दोन मिनिटं लागली. मी इतका चकित झालो की उगाच त्याला फोन करून विचारलं, खरंच आले का?

अमेरिकेला तसलं काही नाही. म्हणून दुसऱ्या वेळी मी तयारीनं गेलो. तीच मुलगी, या वेळी तिनं ओळखलं. मी तिला सांगितलं: रक्कम रुपयांत नाही, डॉलरमध्ये लिही. 101. आणि शुल्काच्या जागी वाटून घेण्याचा पर्याय नको, सगळं पाठवणाऱ्याकडे हा दे. असा पर्याय फॉर्मवर असतो, पहिल्या वेळी तिनं विचारलं नव्हतं आणि मला माहीत नव्हतं. भाचीनंही दुसऱ्या बँकेतलं खातं दिलं, जिथे आलेल्या पैशावर काही कापत नाहीत. नाव लिहिलं तसंच्या तसं, खात्यावर आहे तेवढंच, बापाला मधून काढून.

या पर्यायाचे पैसे वर लागतात. सगळं धरून दीड हजाराच्या आसपास. एकशे एक डॉलर पोचवायला दीड हजार रुपये. शंभराला किती ते मी या वेळी काढलं नाही. बायकोनं काढलं. ती म्हणाली, “एका रुपयासाठी?”

फॉर्मवर एक शेवटचा रकाना होता: लाभार्थीसाठी संदेश. चार ओळी, ओळीत पस्तीस अक्षरं. मी पेन उघडलं आणि लिहिलं, मनीऑर्डरवर लिहायचो तसं. मुलगी म्हणाली, “काकाजी, मराठी नाही जात यातून. इंग्रजी लिपी टाका.” मग दोघांनी मिळून जमवलं. ती टाइप करत होती, मी अक्षरं मोजत होतो. मागचे बाप घड्याळ बघत होते. बाळाला उष्टावणाचे एकशे एक, मामाआजोबांचा आशीर्वाद. इंग्रजी अक्षरांत ते कुठल्यातरी औषधाच्या नावासारखं दिसत होतं.

पाचव्या दिवशी भाचीनं तिच्या खात्याचा फोटो पाठवला. 101.00. शून्य शून्य सुद्धा जागच्या जागी. आणि खाली माझा संदेश, तिच्या बँकेच्या रकान्यात मावला तेवढा. ‘आशीर्वाद’चं शेवटचं अक्षर तुटलेलं.

मी फोन बायकोपुढे धरला. तिनं चष्मा लावला, वाचलं.

“एक अक्षर कमी पोचलं,” मी म्हटलं.

“मग वहीत लिहून ठेवा,” ती म्हणाली आणि कुकर बघायला गेली.